घुबडाची हाक, तित्तिराचे उत्तर

वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजाकडच्या एखाद्या माळरानाच्या कडेला पहाटे उभे राहिले, की बाभळीच्या झुडपातून ‘क-टी-तर, क-टी-तर’ असा खणखणीत आवाज कानी पडतो. हा तित्तीर. मातकट, ठिपक्याठिपक्यांच्या पिसांमुळे तो दहा पावलांवर असूनही दिसत नाही. पण एक ओरडला, की लगेच दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर येते. म्हणजे लपून बसलेला पक्षी आपला ठावठिकाणा आपणच सांगून टाकतो! याच गोष्टीचा उपयोग माणसाने शिकारीसाठी करून घेतला.

विदर्भातील फासेपारध्यांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. तित्तिराचा आवाज तोंडाने हुबेहूब काढायचा, किंवा पाळलेला तित्तीर पिंजऱ्यात ठेवून त्याला ओरडू द्यायचे आणि भोवती फासे मांडायचे. जमातीचे नावही या फाशांवरूनच पडले आहे.

पक्षी हाकेला का फसतो?

तित्तिराला त्या आवाजात शिकारी ऐकू येत नाही. त्याला दुसरा नर ऐकू येतो. विणीच्या काळात प्रत्येक नर आपली हद्द राखतो. हद्दीत परका आवाज आला, की त्याला हुसकावण्यासाठी तो धावून येतो आणि फाशात पाय देतो. त्याची चूक म्हणावी, तर ती एरवी त्याच्या उपयोगाचीच असते. परक्याला हुसकावणाऱ्या नराचीच हद्द आणि वीण टिकते.

मात्र हाक नेहमी स्वजातीयाचीच असावी लागते असे नाही. अमेरिकेत टर्की या रानकोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याची शिकार करणारे लोक चक्क घुबडाची हाक देतात. टर्की रात्री झाडावर झोपतात. वसंतात सूर्योदयापूर्वी शिकारी हाताच्या ओंजळीतून किंवा घरी कोरलेल्या लाकडी शिट्टीतून घुबडाचे घुत्कार काढतो. ते ऐकताच नर टर्की न राहवून ओरडतो. अशा वेळी तो इतका उत्तेजित असतो, की ढगांच्या गडगडाटाला किंवा कावळ्याच्या ओरडण्यालाही उत्तर देऊन बसतो. तो घुबडाकडे येत मात्र नाही. घुबडाच्या हाकेने फक्त त्याचे झाड कळते. त्याला जवळ बोलावण्यासाठी पुढे मादी टर्कीचाच आवाज काढावा लागतो.

घुबडाच्या हाकेचा आणखी एक परिणाम आपल्याकडेही दिसतो. दिवसा पिंगळ्याचा आवाज आला, की बुलबुल, शिंजीर, कोतवाल असे पक्षी गोळा होऊन कलकलाट करतात. पिंगळा हा लहान पक्ष्यांचा आणि पिलांचा शत्रू. तो कुठे बसला आहे हे सर्वांना कळले, की त्याला अचानक झडप घालता येत नाही. म्हणून त्याला घेरून पिटाळून लावणे सर्वांच्याच हिताचे असते.

करून पाहा

घुबडाची हाक म्हणजे ध्वनीचा एक सोपा धडाच आहे. त्याला साहित्यही फारसे लागत नाही.

पहिला प्रयोग ओंजळीचा. डावा तळवा खोलगट करा. त्यावर उजवा तळवा आडवा ठेवून आत पोकळी राहील असे बंद करा. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यामध्ये बारीक फट राहू द्या. ओठ अंगठ्यांच्या सांध्यांवर टेकवून फटीच्या वरच्या कडेवर हळू फुंकर घाला. कोठून हवा निसटत असेल, तर नुसते फुसफुस होईल. सगळीकडून बंद असेल, तर ‘हूऽऽ’ असा घुमणारा आवाज येईल. आता वरच्या हाताची बोटे थोडी उघडा. आवाज चढेल. फटीतली हवा आत-बाहेर डोलते आणि पोकळीतली हवा तिच्यासाठी स्प्रिंगचे काम करते. पोकळी लहान झाली किंवा तोंड मोठे झाले, की कंपने वाढतात.

दुसरा प्रयोग बांबूचा. सुमारे २ सेंटिमीटर पोकळीचा बांबूचा तुकडा एका बाजूने पेराच्या गाठीपाशी कापा, म्हणजे ते टोक बंद राहील. आतली लांबी २१ सेंटिमीटर ठेवा. उघड्या टोकाची कड कानशीने गुळगुळीत करा आणि रिकाम्या बाटलीवर फुंकतो तशी तिच्यावर आडवी फुंकर घाला. एका बाजूने बंद नळीत ध्वनितरंगाचा चौथा भाग मावतो. म्हणून तरंगलांबी ८४ सेंटिमीटर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर कंपने सेकंदाला सुमारे ४०० होतात. प्रत्यक्षात आवाज किंचित खाली येतो, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही नळीतल्या हवेबरोबर कंप पावते. नळीत निम्म्यापर्यंत पाणी भरा. आवाज साधारण एक सप्तक वर जाईल.

या तरंगलांबीतच घुबडाचे रहस्य आहे. झाडाची पाने काही सेंटिमीटरची, तर तरंग पाऊण मीटरहून लांब. असा तरंग पानांमुळे फारसा विखुरला जात नाही. त्यामुळे शृंगी घुबडासारख्या मोठ्या घुबडाचा खोल घुत्कार दूरवर पोचतो. पिंगळ्याचा चिरका कलकलाट मात्र ओंजळीतून निघणार नाही. का, हे विद्यार्थ्यांना विचारा.

हाक द्यावी का?

आता थोडे थांबायला हवे. आवाज काढता येऊ लागला, की तो रानात जाऊन वापरून पाहण्याचा मोह होतोच. पण आपल्या हाकेला उत्तर देणारा पक्षी चरणे सोडतो, घरट्यावरून उठतो, नसलेल्या शत्रूशी भांडण्यात शक्ती घालवतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा फासे लावून पक्षी पकडण्याला तर शिकार मानतोच, पण अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देण्यालाही शिकारच मानतो.

हीच हाक जपून वापरली, तर ज्ञान देते. रानपिंगळा हा मध्य भारतातला लहानसा पिंगळा १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडला नव्हता. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. त्यानंतरच्या पाहणीत अभ्यासकांनी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून उत्तराची वाट पाहिली. वर्ध्याच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही तो असल्याची नोंद झाली. मोजक्या वेळा, ठराविक पद्धतीने आणि परवानगी घेऊन दिलेली ही हाक होती.

फासेपारध्यांच्या वाट्याला मात्र ही विद्या वेगळ्या रीतीने आली. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट उघडली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय गेला नाही. पुढे वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पोट भरण्याचे साधन गेले आणि सोबतचे ज्ञानही कवडीमोल ठरले. तित्तीर कोणत्या गवतात घरटे करतो, लावा कधी ओरडतो, हे ज्यांना कानाने कळते, त्यांच्याइतके चांगले पक्षिगणक आपल्याला कोठे मिळणार?

जिल्ह्यात अनेक ठिकाणी पारध्यांचे बेडे आहेत. तेथून एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या वर्गात येत असेल, तर ‘तुझे आजोबा काय पकडत?’ असे विचारू नका. ‘हा आवाज कोणाचा?’ असे विचारा. मग एका पहाटे वर्गाला घेऊन माळावर जा. ओंजळ बंद ठेवा, दहा मिनिटे नुसते ऐका आणि कोणता पक्षी कोणत्या दिशेने ओरडला याची वहीत नोंद करा. त्या दिवशी आपल्यापैकी गुरू कोण, हे वर्गाला आपोआप कळेल.