जुनेरातून ऊब : धाराशिव जिल्ह्यातील वाकळ

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात जिला वाकळ म्हणतात, तिलाच महाराष्ट्रात अन्यत्र गोधडी हे नाव आहे. जुनी लुगडी, धोतरे, सदरे, लेकरांची अंगडी असे जे कापड अंगावर घालण्याजोगे राहत नाही, त्याचे थरावर थर रचून ते धावदोऱ्याने एकजीव करावयाचे, एवढीच तिची व्याख्या. परंतु या साध्या वस्तूमागे काटकसर, कौशल्य आणि शेजारधर्म या तिन्हींचा संगम आहे. वाकळ क्वचितच एकटीच्या हातून पुरी होते. कापड अनेकांच्या अंगावरचे आणि टाकेही अनेक हातांचे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

वस्त्रांची जुनी भूमी

धाराशिव जिल्ह्याचा वस्त्राशी असलेला संबंध फार प्राचीन आहे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच पूर्वीचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरीचा उल्लेख असून, येथून साधे कापड व तलम वस्त्रे गाड्यांतून भडोच बंदराकडे जात, असे त्यात नमूद आहे.

वस्त्राच्या कामी अनेकांनी हात लावण्याची प्रथा या जिल्ह्यात देवकार्यातही दिसते. नवरात्रापूर्वी तुळजापूरची भवानीमाता मंचकी निद्रा घेते. त्या शय्येच्या गादीसाठी कापूस पिंजण्याच्या सेवेत स्त्रिया सहभागी होतात. घटस्थापनेच्या आधी घरोघरच्या वाकळाही नदी-ओढ्यावर नेऊन धुतल्या जातात. वर्षभराचे अंथरूण-पांघरूण त्या दिवसांत काठावरच्या खडकांवर वाळत पडलेले दिसते.

वाकळ कशी घडते?

शेतीची कामे उरकली आणि ऊन चांगले पडू लागले की वाकळ शिवण्यास अनुकूल काळ येतो. प्रथम जुने कपडे धुऊन वाळवतात. गुंड्या, जाड शिवणी व काठ वेगळे करतात. ज्या कापडात अद्याप जीव आहे ते वरच्या व खालच्या बाजूस आणि विरलेले तुकडे मधल्या थरांत, अशी वाटणी केली जाते. वापरलेले सुती लुगडे मऊ असते व घाम टिपते. म्हणून नवजात बाळाच्या दुपट्यासाठी नव्या कापडापेक्षा आजीचे जुनेरच पसंत केले जाते.

ओसरीवर, अंगणात किंवा देवळाच्या मंडपात खालचा थर ताणून अंथरतात आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर तुकडे असे मांडावयाचे की कोठे फुगवटा राहू नये व कोठे पोकळी पडू नये. वरचा थर घातल्यावर लांब कच्चे टाके घालून सर्व थर जागच्या जागी बांधून घेतात. मग चारी बाजूंना चौघी बसतात आणि कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी सरकू लागतात. टाके जितके जवळ, तितकी वाकळ टिकाऊ. थरांमध्ये अडकून राहिलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे तिच्या उबेचे शास्त्र आहे.

रंगांची निवड घरात जे असेल त्यावर अवलंबून असते, पण मांडणी मात्र शिवणारीची असते. लाल काठाची चौकट, मध्यभागी हिरव्या खणाचा चौकोन, कोपऱ्यांत त्रिकोणी ठिगळे, अशी रचना करताना कागदावर आराखडा काढावा लागत नाही. शेजारीण सुचवते, सासू दुरुस्त करते, मुलगी पाहून शिकते. शिक्षणाची ही पद्धती जितकी जुनी तितकीच परिणामकारक आहे.

अन्य प्रांतांत व देशांत

भारतात या कलेची भावंडे अनेक आहेत. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, राजस्थान व सिंधमधील रल्ली आणि शेजारच्या कर्नाटकातील कवदी ही त्यांपैकी काही होत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवदीच्या कोपऱ्यांवर ठिगळांचे ‘फूल’ जोडल्याखेरीज ती पूर्ण झाली असे मानत नाहीत.

परदेशांत तर अशा कापडाने लोकांचे दुःखही बोलून दाखविले आहे. चिलीमध्ये १९७३ नंतरच्या लष्करी राजवटीत ज्यांची माणसे बेपत्ता झाली, अशा स्त्रियांनी कपड्यांचे तुकडे जोडून चित्रे शिवली. त्यांत काही वेळा हरवलेल्या माणसाच्याच वस्त्रांचे तुकडे होते. अमेरिकेत एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ आप्तेष्टांनी सहा फूट लांब व तीन फूट रुंद असे कापडी फलक शिवले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे असे १,९२० फलक एकत्र अंथरण्यात आले. जुने वस्त्र माणसाची आठवण धरून ठेवते, हे आपल्याकडील आजीला सांगावे लागत नाही. तेच तत्त्व तेथे सार्वजनिक रूपात प्रकट झाले.

कला क्षीण का होत आहे?

या कलेपुढील पहिली अडचण कापडाची आहे. सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. हे कापड लवकर विरत नाही, थरांतून घसरते आणि घाम टिपत नाही. त्याची वाकळ दिसावयास रंगीत, परंतु अंगाला परकी. दुसरी अडचण स्वस्त गिरणी ब्लँकेटांची. तिसरी व सर्वांत महत्त्वाची अडचण श्रमाच्या मूल्याची आहे. एका वाकळेमागे अनेक दिवसांचे काम असते. ते घरासाठी असे तोवर कोणी मोजले नाही. आता गावातील वृद्ध वा एकट्या स्त्रिया मजुरीवर वाकळा शिवतात, तेव्हा ‘कापड तर जुनेच’ असे म्हणून दर पाडला जातो. वस्तुतः किंमत कापडाची नसून टाक्यांची आहे.

संघटित प्रयत्नांची दिशा

या जिल्ह्यातील स्त्रियांना संघटनेचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लोहारा-उमरगा परिसरातील गावे उद्ध्वस्त केली. दगडमातीच्या घरांबरोबर पिढ्यांचे अंथरूण-पांघरूणही गाडले गेले. त्यानंतर शासनाच्या घरदुरुस्ती व मजबुतीकरण कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने महिला मंडळांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ व २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान यांच्याद्वारे बचत गटांचे जाळे राज्यभर विणले गेले आहे. वाकळेसारख्या सामूहिक कामास असा गट स्वाभाविकच अनुकूल ठरतो.

गटाने काम हाती घेताना काही पथ्ये पाळणे हितावह होईल. सुती व कृत्रिम कापड आरंभीच वेगळे करावे. जमविलेले कपडे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. प्रत्येक वाकळेस लागलेल्या दिवसांची नोंद ठेवावी व त्या दिवसांच्या मजुरीत दोरा, धुलाई आणि वाहतूक मिळवूनच विक्रीची किंमत ठरवावी. ग्राहकाने स्वतःच्या घरातील कपडे दिल्यास त्याच्याच माणसांची वाकळ शिवून द्यावी. यात विकत घेणाऱ्याची आठवण जपली जाते व शिवणारीला कापड शोधावे लागत नाही. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींनी लहान दुपटे शिवले, तर हात तयार होतील.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारी येते, तेव्हा गृहिणी मऊ सुती लुगडे सहसा तिच्या हाती देत नाही, वाकळेसाठी मागे ठेवते. तिचा हा हिशेब अचूक आहे. त्या लुगड्यावर टाके घालणाऱ्या हातांनाही त्याच अचूकपणे मोल मिळाले, तर ही कला उद्याही टिकून राहील.