नित्याचे आजार आणि औषधाची निवड

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र खंधक आहे. शरद ऋतूत आजारी पडलेल्या भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे भगवान बुद्धांनी मान्य केल्याचे त्यात येते. त्याच ग्रंथात आजाऱ्याची सेवा कोणी करावी हेही सांगितले आहे. ज्याला औषध तयार करता येते आणि काय हितकर, काय अहितकर हे कळते, त्याने. आजाऱ्यानेही आपले दुखणे वाढले की उतरले, ते जसे असेल तसे सांगावे आणि प्रमाण ओळखून वागावे, अशी तथागतांची अपेक्षा आहे. ही कसोटी आपण आपल्या आजारपणाला कितपत लावतो?

आम्ही वैद्यकीय क्षेत्रातले नव्हेत. परंतु बँकेच्या खिडकीशी बसल्यावर पैसे कशासाठी काढले जात आहेत ते कानावर पडतेच. मंठ्यापासून भोकरदनपर्यंत आपला मजूर माणूस अंगात कणकण आली की डॉक्टरांना स्वतःच सांगतो, "सुई मारा, एक बाटली लावा." सुई न देणारा डॉक्टर त्याला कच्चा वाटतो. त्या बाटलीत असते काय? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. त्यातून मिळणारी शक्ती सुमारे १०० कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून अधिक असते. जो शुद्धीवर नाही, ज्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही किंवा ज्याच्या अंगातले पाणी फारच आटले आहे, त्याला सलाईन जीवदान देते. चालत आलेल्या माणसाला बहुधा त्याची गरज नसते. मजुरी मात्र जाते.

जुलाबाचेच पाहा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी तोंडाने पाजण्याचे ठरविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज हीच पुडी ओआरएस म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकावी. पेल्यात थोडी-थोडी टाकल्यास प्रमाण चुकते. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. जुलाब थांबविणारी गोळी मुलांना मुळीच देऊ नये. शौचात रक्त असेल तरच प्रतिजैविकाचा प्रश्न येतो आणि तो डॉक्टरांनी सोडवावा.

सर्दी-पडसे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. तरीही मेडिकल दुकानातून दोन दिवसांच्या कॅप्सूल आणण्याची सवय सुटत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे आपल्या विद्यार्थ्यांनी घरी वाचून दाखवावे. उलट न्यूमोनियात प्रतिजैविकाला उशीर झाला तर मूल दगावते. हा फरक ओळखायचा कसा? मूल शांत असताना एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तडक दवाखाना गाठावा. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकविले आणि बालमृत्यू घटले. तो अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तापाला पॅरासिटामॉल हे साधे व स्वस्त औषध. मुलाला ते वयावरून नव्हे, वजनावरून द्यायचे असते. डेंग्यूच्या दिवसांत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळावे. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

गुडघेदुखीवरच्या सुट्या गोळ्यांच्या पुडीबद्दल विशेष सावध राहावे. एका दिवसात गुण येतो म्हणून म्हातारी माणसे त्यावर खूश असतात. त्यात स्टिरॉइड असेल तर पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतलेली अशी गोळी एकदम बंद करणेही धोक्याचे. पुडीतल्या गोळीचे नाव कागदावर लिहून मागावे. विचारायला संकोच कसला?

रक्तदाब व मधुमेहाची गत नेमकी उलटी. तिथे गोळी हवी असते आणि आपण बरे वाटले की सोडतो. बाबासाहेबांची प्रकृतीही मधुमेहाने पोखरली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. या गोळ्या रोज, न चुकता घ्यायच्या असतात. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य संस्थांतील उपचार निःशुल्क केले आहेत. बाहेरून घ्यायच्या झाल्यास जनऔषधी दुकानात त्याच घटकाची गोळी स्वस्त मिळते. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच केंद्रात जाऊन पुढच्या गोळ्यांची सोय विचारावी, आणि जुनी चिठ्ठी व रिकामे पाकीट पिशवीत ठेवावे, म्हणजे तिकडच्या डॉक्टरांना कोणती गोळी चालू आहे ते कळेल.