शवविच्छेदन : केव्हा आणि कशासाठी?

"चिरफाड नको आणि पोलिसांची भानगडही नको," असे म्हणून घाईघाईने अंत्यविधी उरकण्याची रीत आपल्याकडे अजूनही आहे. दुःखाच्या प्रसंगी असे वाटणे साहजिक आहे. परंतु या घाईची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते. बँकेच्या काउंटरवर बसणारा कर्मचारी म्हणून मी हे पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात बुडून मरण पावलेल्या एका तरुणाची पत्नी आमच्या शाखेत आली. त्याच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता जात होता. या योजनेत अपघाती मृत्यूबद्दल वारसाला २ लाख रुपये मिळतात. दाव्यासोबत पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला लागतो. तिच्याजवळ फक्त दाखला होता. पोलिसांना न कळवता वडीलधाऱ्यांनी त्याच दिवशी अग्नी दिला होता. तो बुडाला हे साऱ्या वाडीला ठाऊक होते, पण कागदावर कोठेच नव्हते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. आजारपणाने घरी मृत्यू झाला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारणाचे प्रमाणपत्र दिले, तर शवविच्छेदनाची गरज नसते. मात्र आत्महत्या, खून, अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस चौकशी होते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. पोलीस अधिकारी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करतात. मृत्यूच्या कारणाविषयी शंका असल्यास देह शवविच्छेदनासाठी पाठवला जातो. अशा वेळी नातेवाइकांची संमती लागत नाही.

विवाहित मुलींच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. लग्नानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली, तिच्या मृत्यूत दुसऱ्या कोणाचा हात असल्याचा सबळ संशय असला किंवा तिच्या एखाद्या नातेवाइकाने मागणी केली, तर देह तपासणीसाठी पाठवावा लागतो. माहेरच्या माणसांनी हे लक्षात ठेवावे. पोलीस कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकारी करतात आणि शक्य असेल तेथे नातेवाइकांना त्या चौकशीस हजर राहता येते.

७ जून २०२१ रोजी आपल्याच तालुक्यातील उरवडे येथे एका कारखान्याला आग लागून १७ कामगार मरण पावले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. देह इतके जळाले होते की ओळख पटेना. ते पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि ओळख पटवण्यासाठी डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला. कोणता देह कोणाच्या घरचा, हेसुद्धा अशा वेळी वैद्यकीय तपासणीवाचून कळत नाही.

मग आपण काय करावे? अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाल्यास प्रथम पोलीस पाटलांना कळवावे किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवण्यास सांगावे. सर्पदंश झाल्यास किंवा कोणी झाडावरून पडल्यास त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. जीव वाचवणे हे पहिले काम, पण तेथील नोंद पुढे विम्याच्या दाव्यालाही उपयोगी पडते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी आणि विम्याचा दावा शक्यतो अपघातापासून ३० दिवसांत बँकेत द्यावा.

रात्र झाली म्हणूनही धीर सोडू नये. सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे मात्र एरवी त्यातून वगळलेली आहेत.

दफन केलेला देह दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पुन्हा बाहेर काढून तपासता येतो. एकदा अग्नी दिल्यावर तो मार्ग उरत नाही. म्हणून अंत्यविधीला काही तास उशीर झाला तरी चालेल. त्या तरुणाची पत्नी ज्या तऱ्हेने रिकाम्या हाताने परत गेली, तशी वेळ आपल्या वस्तीतील कोणावर येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.