डफ, चौंडकं आणि तुरुंगाची भिंत

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात डफावर थाप पडली की पोरंटोरं धावत येतात आणि म्हातारी माणसं कान देऊन बसतात. कारण इथलं गाणं करमणूक करता करता कुणाची तरी फिर्यादही मांडतं. या मातीतल्या आणि तिच्याशी नातं सांगणाऱ्या या आठ गोष्टी.

1. लावणीत मावलेला नकाशा
'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊ साठे यांची रचना सुरुवातीला पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा विरह वाटते. पुढे कळतं, की मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख! बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावंच तीत येतात. सीमाभागाचं दुखणं निरक्षर माणसालाही पाठ झालं, ते या गाण्यामुळे.

2. तिघांचा लाल बावटा
अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. गिरणी कामगारांच्या चाळी हेच त्यांचं नाट्यगृह. बंगालच्या दुष्काळावर अण्णाभाऊंनी पोवाडा रचला. तमाशावर बंदी आली, तेव्हा त्याच तमाशाला त्यांनी 'लोकनाट्य' म्हणून पुन्हा उभं केलं.

3. गणाचा नवा अर्थ
सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या सुरुवातीचा गणपतीचा गण ठेवला, पण अर्थ पालटला. गणपती म्हणजे गणांचा, म्हणजे लोकांचा पती! लोकांच्या हक्काची हीच भाषा सभांतही ऐकू येत होती. मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं तिसरं अधिवेशन एप्रिल 1925 मध्ये निपाणीत भरलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे अध्यक्ष होते. पुढे 1931 पासून भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी हाच विचार ढोलकीच्या तालावर गावोगाव पोचवला.

4. स्वागतगीतातली अकरा वर्षांची पोर
गांधीजींनी काँग्रेसचं अध्यक्षपद एकदाच भूषवलं, ते डिसेंबर 1924 मध्ये, बेळगावात. तिथं स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई हनगल होत्या. गाण्याची भीती त्यांना नव्हती. धास्ती होती जेवणाच्या पंगतीची, कारण जातीवरून कुणी काही बोलेल असं त्यांना वाटत होतं. हीच गंगूबाई पुढे किराणा घराण्याची शान झाली आणि 2002 मध्ये पद्मविभूषण ठरली.

5. चौंडक्याचा मान
काखेत धरायचं आणि तार छेडायची, ते चौंडकं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचं हे वाद्य. राजन गवस यांनी तर कादंबरीलाच 'चौंडकं' हे नाव दिलं. त्या गाण्यामागचं दुःख बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टींनी भोगलं. सातव्या वर्षी त्यांना देवदासी म्हणून सोडलं होतं. पुढे त्यांनी शेकडो बायकांना त्या प्रथेतून बाहेर काढलं आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बळ्ळारीकडच्या तृतीयपंथी कलावंत मंजम्मा जोगती यांना जोगती नृत्यासाठी 2021 ची पद्मश्री लाभली. जिथं हेटाळणी वाट्याला आली, तिथंच कलेनं त्यांना मानाची जागा मिळवून दिली.

6. येरवड्यातलं गाणं
गाण्याची ही साथ तुरुंगाच्या भिंतीआडही पोचली. 26 सप्टेंबर 1932. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचं गांधीजींचं उपोषण येरवडा तुरुंगात सुटत होतं. समोर रवींद्रनाथ ठाकूर बसले होते. त्यांनी 'गीतांजली'तलं आपलं गाणं म्हटलं. जुनी चाल आठवेना, तरी ते थांबले नाहीत.

7. बाबूजी आणि लिस्बनचा कैदी
बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या लढ्यात गाणारी माणसं मागे राहिली नाहीत. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीसाठी निधी हवा होता, म्हणून 1954 मध्ये सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांच्या पुढाकारानं लता मंगेशकर पुण्यात मोबदला न घेता गायल्या. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, पण त्या लढ्यातले सांगलीचे मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. बाबूजींनी विमोचन समितीतून त्यांचा प्रश्न लावून धरला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले.

8. फॉल्समपासून महाराष्ट्राच्या कारागृहांपर्यंत
अमेरिकेत गायक जॉनी कॅश 13 जानेवारी 1968 ला फॉल्सम तुरुंगात गायला. ती ध्वनिमुद्रिका जगभर गाजली. 1972 मध्ये तो तुरुंग सुधारणेसाठी थेट सिनेटच्या समितीपुढे बोलला. ब्लूज गायक बी. बी. किंगनंही शिकागोच्या तुरुंगात गिटार वाजवली आणि कैद्यांसाठी संस्था काढण्यात हातभार लावला. आपल्याकडे महाराष्ट्राच्या कारागृहांत तुकोबांच्या नावानं बंद्यांच्या भजन-अभंग स्पर्धा झाल्या. तिथं टाळ बंद्यांच्याच हातात होते. ऐकायला बसवणं चांगलंच, पण गायला उभं करणं त्याहून मोठं.

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याला लागलं की जवळच हिंडलग्याचं मध्यवर्ती कारागृह लागतं. शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत, पेटी आणि पखवाज आहेत. एखाद्या मंडळानं रीतसर परवानगी काढावी आणि एका एकादशीला टाळांच्या दोन जोड्या जास्त घेऊन आत जावं. आतल्या कुणाच्या तरी हाताला त्या हव्या असतील.