गच्चीवरचे विमान

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खेड्यात विमान म्हणजे आभाळात पांढरी रेघ ओढून जाणारी वस्तू. ते मोठ्या कारखान्यातच तयार होणार, अशी माझी समजूत होती. पण कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागात, ते चक्क घराच्या गच्चीवर बांधले!

१९०३ साली पहिले विमान उडविणारे राइट बंधू सायकलचे दुकान चालवीत. त्या काळी हौशी माणसे अशीच एकेक विमान स्वतः बांधीत. यादव हे त्याच कुळातले. आधीचे दोन प्रयत्न फसल्यावर २००९ मध्ये त्यांनी तिसरे, सहा आसनी विमान हाती घेतले. पाच मजली इमारतीला लिफ्ट नव्हती. यंत्रे आणि इंजिनसुद्धा अरुंद जिन्याने वर नेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते क्रेनने खाली उतरवून प्रदर्शनात मांडले गेले.

मग ते लगेच का उडाले नाही? ट्रकला नंबर मिळणे वेगळे आणि त्याचे पासिंग होणे वेगळे. तसेच येथेही आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, तर उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. पुढे २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली.

हा विलंब पाहून मला प्रथम रागच आला. परंतु कारण समजून घेण्यासारखे आहे. कारखान्यात एका नमुन्याची कसून परीक्षा होते आणि पुढची शेकडो विमाने त्याच नमुन्याबरहुकूम बनतात. एकुलत्या एका विमानाला असा आधार नसतो. त्याचा प्रत्येक भाग त्याच्यावरच तपासावा लागतो. आधी इंजिन जमिनीवर चालवायचे, मग धावपट्टीवर धावायचे, आणि मगच उडायचे.

आमचे आप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे वेल्डिंग करतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यांना ही हकीकत सांगितली, तर कौतुक करण्याआधी त्यांनी विचारले, "सांधे कुणी तपासले?"

मी पुस्तके चाळून जेथे पोहोचलो, तेथे आप्पा हातातल्या कामावरून आधीच पोहोचले होते. हाताने काम करणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो, ते कोणत्या आधारावर?