‘पूर’ भरतो की धावतो?

पावसाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, की तापीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो. अशा वेळी इंग्रजी वृत्तपत्रांत एक क्रियापद हमखास भेटते : ‘इनन्डेट’. अर्थ, पाण्याखाली बुडवणे, जलमय करणे. कचेरीत पत्रांचा ढीग येऊन पडला तरी इंग्रजीत हेच क्रियापद चालते; आपण मात्र ‘पत्रांचा पाऊस पडला’ म्हणतो.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘इन’ म्हणजे आत किंवा वर, आणि ‘उन्दा’ म्हणजे लाट. विपुल या अर्थाचा ‘अबन्डन्ट’ हा त्याचा भाऊबंद. वेढणे या अर्थाचा ‘सराउन्ड’देखील त्यातलाच; त्याचा जुना अर्थ ‘काठावरून ओसंडणे’ असा होता! आणखी गंमत अशी, की संस्कृतमधील ‘उन्द्’ म्हणजे भिजवणे हा धातू, आपले ‘उदक’ आणि इंग्रजी ‘वॉटर’ हे सारे ‘उन्दा’चे दूरचे नातेवाईकच आहेत.

आपला ‘पूर’ हा शब्द मात्र भरणे या अर्थाच्या धातूपासून आला. मग पूर म्हणजे भरणे, की लाट? दोन्हीही! काठावर एका जागी उभे राहिलात तर पाणी चढताना व मग ओसरताना दिसेल. पण संपूर्ण नदी डोळ्यांपुढे आणा. हा चढ गावामागून गाव पुढे सरकत जातो. म्हणजे ती कित्येक किलोमीटर लांबीची एक लाटच होय.

ही लाट पाण्याहूनही वेगाने धावते. खोल पाणी उथळ पाण्यापेक्षा जलद वाहते. त्यामुळे मागचा लोंढा पुढच्या पाण्याला गाठतो आणि चढ पुढे ढकलला जातो. रुंद पात्रात लाटेचा वेग पाण्याच्या सरासरी वेगाच्या सुमारे ५/३ पट असतो. समजा, पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत आहे. ६० किलोमीटर जायला त्याला ८ तास २० मिनिटे लागतील. पुराची लाट मात्र ५ तासांतच पोहोचेल!

ऑगस्ट २००६ मध्ये ह्याच तापीच्या पुराने सुरत शहराचा मोठा भाग बुडवला. म्हणून इशारा मिळाल्यावर ‘पाणी अजून लांब आहे’ असे म्हणून पात्रात गुरे सोडू नका. पाणी लांब असेल. लाट कदाचित जवळ आलेली असेल.