शेरीच्या पिपातली लवंग

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं. हरकत नाही. प्रश्न मात्र गंभीर आहे: चव ही ज्याची त्याची खासगी बाब, की तिच्याबाबतीत माणूस चुकूही शकतो?

उदाहरण घेऊ ग्लेनफार्क्लास १०५ या स्कॉच सिंगल माल्टचं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीची केलेली व्हिस्की. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी रंगहीन असते. कायद्याप्रमाणे तिला किमान ३ वर्षं ओकच्या पिपात मुरावं लागतं. इथे ते पीप ओलोरोसो शेरीचं, म्हणजे स्पेनमधल्या हेरेस भागातली वाइन आधी प्यायलेलं!

ग्लास नाकाशी न्या, पण सावकाश. हिच्यात ६० टक्के अल्कोहोल आहे. एकदम हुंगलंत तर नाक बधिर होईल. तोंड किंचित उघडं ठेवा. मनुका येतात, सुकं अंजीर येतं, अक्रोड, आणि मागून लवंग. आता छोटा घोट जिभेवर घोळवा. आधी गोडसर, शेवटी सुपारीसारखं तुरट. मग पाण्याचे चार थेंब घालून पुन्हा वास घ्या.

अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात रस सहा सांगितले आहेत, गंध मात्र दोनच: सुगंध आणि दुर्गंध. गोड-तुरट जिभेला कळतं. मनुका आणि लवंग ओळखतं ते नाक. पण गंधांना स्वतःची नावं जवळजवळ नाहीतच, म्हणून आपण ती वस्तूंकडून उसनी घेतो. मग शंका येते: पिपात लवंग होती कुठे? बाटलीवर वाचलं म्हणून तर ती ‘आली’ नाही ना?

डेव्हिड ह्यूम, जो स्वतः स्कॉटिश, त्याने १७५७ साली रुचीच्या निकषावर निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट आहे. पिपातली वाइन चाखून एकजण म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसले. पीप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली.

आपली लवंग म्हणजे अशी किल्ली आहे. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. मनुका ही मात्र उपमा. तिथे कुणी खजूर म्हणालं तर भांडू नये. पण ‘गोड लागते, म्हणजे साखर घातलीय’ असं म्हणाल, तर चुकाल. स्कॉचमध्ये पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरमेल याखेरीज काहीही घालायला परवानगी नाही.

म्हणून आधी आपलं टिपण लिहावं, बाटलीवरचं नंतर वाचावं. न पिणाऱ्यांनी हाच प्रयोग गोड्या मसाल्यावर करून पाहावा.

माझी सत्तरी उलटली. नाक पूर्वीसारखं चालत नाही. लवंग पुष्कळदा हुकते. शेजारचा म्हणतो, ‘आहे, सर.’ चव निव्वळ खासगी असती, तर त्याचं ऐकायचं मला काहीच कारण नव्हतं. मी ऐकतो, पुन्हा ग्लास नाकाशी नेतो, आणि कधी कधी ती सापडते.